सांकवाळ, गोवा : मागे चर्च नसलेला दरवाजा (दोनदा जाऊन आलो त्यावरून रिव्ह्यू)

आधी स्टार सांगते, ज्यांना घाई आहे त्यांनी तेवढं वाचून जा. पाचपैकी साडेचार. अर्धा मच्छरांमुळे कापलाय, ते पण फक्त पावसाळ्यापुरतं. बाकी ज्यांना गोव्यात एक तास तरी कोणी काही विकायला येणार नाही, कोणी "मॅडम फोटो?" विचारणार नाही अशी जागा पाहिजे त्यांनी पुढे वाचा.

आम्ही वसईचे, कॅथलिक. गोव्याला गेलो की ओल्ड गोवा ठरलेलं, बॉम जेझू, से कॅथेड्रल, मग पणजीची पायऱ्यांची चर्च, मग मासे, मग घरी. सांकवाळ हे नाव मी फक्त संत जोसेफ वाझ (गोव्याचेच संत, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) यांच्या चरित्रात वाचलं होतं आणि ते गाव नक्की कुठे आहे हे कधी नकाशात बघितलं पण नव्हतं. २०२४ च्या ऑगस्टात पोराला बिट्स पिलानीच्या गोवा कॅम्पसला ॲडमिशन मिळाली. पत्ता बघितला तर झुआरीनगर, सांकवाळ. म्हटलं अरे हेच की ते!

तर वसईहून गाडी काढली. पुढे बापलेक, मागे मी आणि सासूबाई, आणि आमच्या दोघींच्या मध्ये गादी, बादली, मग, हँगर, सुकेळीची (वसईची सुकवलेली केळी) पाकिटं आणि एक टेबलफॅन जो सासूबाईंनी पूर्ण रस्ताभर मांडीवर धरला होता, खाली ठेवा म्हटलं तर ठेवेनात, नातवाचा फॅन. हायवेबद्दल काही लिहीत नाही, ज्यांनी पावसात तो रस्ता केलाय त्यांना सांगायची गरज नाही. पणजी गेली की आगशी लागतं (आमच्याकडे विरारजवळ आगाशी आहे, सासूबाई पाटी बघून दचकल्या, म्हणाल्या परत घरी आलो की काय) आणि आगशीनंतर एकदम झुआरी नदीवरचा नवीन केबलचा पूल. पुलावरून नदी दिसते ना, ती त्या दिवशी तांबडी लाल होती, काठापर्यंत भरलेली. पूल उतरलं की कुठ्ठाळी, तिथून उजवीकडे वास्कोचा रस्ता, आणि चढून वर पठारावर गेलं की झुआरीनगर.

हॉस्टेलचं सगळं उरकायला दुपार झाली. फॉर्म, अंडरटेकिंग, हे नियम मान्य आहेत, ते नियम मान्य आहेत, प्रत्येक पानावर पालकांची सही. मी इतक्या सह्या लग्नात पण केल्या नव्हत्या. मग पोरगा म्हणाला "मम्मी, तुम्ही निघा आता", आणि तुम्हाला माहितेय तो टोन, मित्र भेटलेले असतात, आईबाप उभे असलेले नको असतात. निघालो. गाडीत कोणीच बोलत नव्हतं. मिस्टरांना वाटलं आता मी रडणार म्हणून तेच म्हणाले की खालीच ती वाझांची जागा आहे ना, जाऊन येऊ, एवढ्या लांब आलोय तर.

पठारावरून खाली नदीकडे उतरायचं आहे एवढं डोक्यात ठेवा. आम्ही फोनचा नकाशा लावला आणि त्यानं आम्हाला एका गल्लीत नेऊन सोडलं जिथे पुढे सरळ पाणी होतं. एक काका छत्री घेऊन चालले होते, त्यांना विचारलं, त्यांनी हातानंच दाखवलं आणि कोकणीत काहीतरी सांगितलं, त्यातलं "फुडें" तेवढं कळलं. तर नकाशापेक्षा माणसाला विचारा. "जुझे वाझ" म्हटलं की कोणी पण सांगतं.

आणि मग ती दिसली. भिंत.

म्हणजे कसं सांगू, तुम्ही चर्च बघायच्या तयारीनं जाता, समोरून अगदी चर्चच दिसतं, उंच पांढरी दर्शनी भिंत, खांब, कोनाडे, चुन्यातलं नक्षीकाम, मधोमध कमानीचा दरवाजा. आणि तुम्ही दरवाज्याशी जाता आणि मागे काहीच नाही. छप्पर नाही, भिंती नाहीत, बाकडी नाहीत. दरवाज्यातून पलीकडे झाडं आणि आभाळ. सासूबाई काठी टेकत टेकत आल्या, दरवाज्यात उभ्या राहिल्या, आत बघितलं, बाहेर बघितलं आणि मला विचारलं,

"देऊळ कुठंय गं?"

म्हटलं, "आई, हेच आहे."

"हे? हा तर नुसता दरवाजा."

(आमच्याकडची जुनी माणसं चर्चला देऊळच म्हणतात, नवीन पिढीला हसू येतं पण मला तो शब्द आवडतो.)

तर त्याची गोष्ट अशी. हे आरोग्यमातेचं चर्च, पोर्तुगीज नाव नोसा सेन्योरा द साउद. जेझुइट धर्मगुरूंच्या काळातलं. १८३४ साली आग लागली आणि चर्च जळून गेलं, राहिली फक्त ही पुढची भिंत. परत इथे बांधलं नाही, गावाचं चर्च आता दुसरीकडे आहे. भिंत गोवा सरकारच्या पुरातत्त्व खात्याची संरक्षित वास्तू आहे. आरोग्यमाता म्हटल्यावर सासूबाईंचा चेहरा खुलला, कारण वेलंकनीची पण आरोग्यमाताच ना, आणि गुडघ्यांसाठी त्या वेलंकनीला तीनदा जाऊन आल्यात. म्हणाल्या मग हिच्याकडे पण गुडघ्यांचं सांगते, एवढ्या लांब जायला नको. आम्ही डिकीतनं फोल्डिंगचं स्टूल काढून दिलं, त्या दरवाज्यासमोर बसल्या आणि रोझरी (जपमाळ) काढली.

पाऊस नुकताच थांबलेला. गवत एवढं हिरवं की डोळ्याला बोचतं. नदी जवळच आहे, वारा सारखा तिकडून. आम्ही सोडून एक बाई होती, फुलांची छोटी माळ घेऊन आलेली, तिनं माळ ठेवली, मेणबत्ती लावायचा प्रयत्न केला, वाऱ्यानं विझली, परत लावली, परत विझली, तिसऱ्यांदा तिनं काडेपेटी पर्समध्ये टाकली आणि न पेटलेली मेणबत्ती तशीच ठेवून गेली. मला ते फार आवडलं. मी ओल्ड गोव्यात लोकांना मेणबत्तीवरून भांडताना बघितलंय.

आता वसईच्या माणसाला पडक्या चर्चचं काय कौतुक, आमच्या किल्ल्यात ढिगानं आहेत. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली, त्यानंतर हळूहळू सगळी चर्चं मोडकळीला आली. आज किल्ल्यात गेलात तर जिथे वेदी होती तिथे प्री-वेडिंगवाले रिफ्लेक्टर धरून उभे असतात, आणि बाजूला पोरं क्रिकेट खेळतात. मी तक्रार करत नाही, लहानपणी आम्ही पण तिथंच लपाछपी खेळलोय. पण तिथे उभं राहून प्रार्थना करावी असं मला आयुष्यात कधी वाटलं नाही. तिथे अख्ख्या भिंती आहेत, घंटेचा मनोरा आहे, जिना आहे, सगळं आहे, आणि ते संपलेलं आहे. इथे एक भिंत आहे आणि ती चालू आहे. दुसरा शब्द सुचत नाहीये मला, चालू आहे. दुकान चालू असतं तसं.

ती चालू राहिली ते जोसेफ वाझांमुळे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते, आणि मला खात्री आहे की महाराष्ट्रातल्या बहुतेकांना माहीत नाही कारण आपल्याला गोव्याचा संत म्हटलं की झेवियर एवढंच माहीत. झेवियर स्पेनकडचे. वाझ इथले, आपले, कोकणी बोलणारे. जन्म २१ एप्रिल १६५१, आईच्या गावी बाणावलीला, आणि बाप्तिस्मा तिथल्याच चर्चमध्ये. वडील सांकवाळचे, म्हणजे हे त्यांचं घरचं गाव. शाळेची सुरुवात इथे. १६७६ ला धर्मगुरू झाले आणि परत इथे येऊन पोरांना लॅटिन शिकवायची शाळा काढली. आणि ५ ऑगस्ट १६७७ ला, वय वर्षं सव्वीस, याच सांकवाळात त्यांनी एक पत्र लिहिलं. स्वतःला मारियेचा गुलाम म्हणून लिहून दिलं. दासपत्र. अगदी करार करतात तसं, मी अमुक अमुक, आजपासून तुझा कायमचा गुलाम, खाली सही.

हे मी घरी वाचलं होतं तेव्हा काही वाटलं नव्हतं, संतांच्या चरित्रात असलं असतंच. पण त्या दिवशी आमची तारीख पण ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली, आणि मी सकाळपासून पोराच्या कागदांवर सह्या करून आलेली. त्या काळच्या गोव्यात गुलाम ही काही कवितेतली गोष्ट नव्हती, खरीखुरी माणसं विकली जायची, कागद व्हायचे. आणि हा चांगल्या घरातला, शिकलेला, ब्राह्मण कुळातला पोरगा तोच कागद स्वतःच्या नावानं करतो. त्याची आई काय म्हणाली असेल हे कुठे लिहिलेलं नाहीये. मी तिथे उभी राहून तोच विचार करत होते, संताचा कमी आणि त्याच्या आईचा जास्त.

कारण पुढे काय झालं बघा. आधी कानडा मुलुखात तीनेक वर्षं, मंगळूर, कुंदापूर, गंगोळी त्या बाजूला. मग परत गोवा, ओल्ड गोव्याच्या टेकडीवरच्या क्रूसाच्या चर्चमध्ये काही गोव्याचेच धर्मगुरू एकत्र राहत होते त्यांचा प्रमुख. आणि १६८६ ला गोवा सोडलं ते कायमचं. श्रीलंकेचा किनारा तेव्हा वलंदेजांकडे, म्हणजे डचांकडे, आणि त्यांनी कॅथलिक धर्मगुरूंना बंदी घातलेली, सापडला तर सुटका नाही. हे गेले मजुराच्या वेषात. अनवाणी. बरोबर एक जुआंव नावाचा सोबती. जाफन्याला पोचले ते आजारी, मरायला टेकलेले. बरे झाल्यावर भीक मागत दारोदार फिरायचे, गळ्यात रोझरी घालून, आणि कोणाची नजर त्या रोझरीवर अडकते ते बघायचे. ज्याची अडकली तो आपला. मग त्याच्या घरी रात्री, दारं लावून, मिस्सा (चर्चमधली आमची मुख्य प्रार्थना).

माझ्या मते अख्ख्या चरित्रात ही एक गोष्ट सगळ्यात भारी आहे. पुढे कँडीला पोर्तुगीजांचा हेर म्हणून पकडलं १६९२ ला, तिथे कैदेतच झोपडीचं चर्च केलं, मग दुष्काळात पावसाची प्रार्थना केली आणि पाऊस आला अशी आख्यायिका आहे, मग १६९७ ची देवीची साथ, लोक आजाऱ्यांना जंगलात टाकून पळत होते तेव्हा यांनी त्यांना उचलून आणून धुतलं पुसलं. राजा बौद्ध, पण यांना त्यानं नंतर मोकळं सोडलं. १६ जानेवारी १७११ ला कँडीतच गेले. चोवीस वर्षं तिकडे. धन्य (संत व्हायच्या आधीची पायरी) घोषित केलं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २१ जानेवारी १९९५ ला, संत केलं पोप फ्रान्सिस यांनी १४ जानेवारी २०१५ ला, दोन्ही वेळा कोलंबोला.

आता तुम्ही विचार करा, ज्यानं चोवीस वर्षांतली कित्येक बंद दाराआड मिस्सा करण्यात घालवली त्याच्या गावात दरवाजा उरलाय आणि तो पण असा की लावताच येत नाही. मिस्टरांना हे सांगितलं तर म्हणाले तू जास्त विचार करतेस. असेल.

दुसरी एक गोष्ट लिहिली पाहिजे, नाही लिहिली तर अर्धवट होईल. ज्यांना मंगेशी माहीत आहे (महाराष्ट्रातून येणाऱ्या सगळ्यांना माहीत असतं) त्यांनी हे लक्षात घ्या की मंगेशी मूळची इथली शेजारची, कुठ्ठाळीची, जुनं नाव कुशस्थळी. १५६० ला तिथून नदीपलीकडे नेली. तसंच वेलिंगचा लक्ष्मीनृसिंह आणि केरीची विजयादुर्गा मूळचे या सांकवाळातले. पोर्तुगीजांनी गोव्याच्या साष्टीतली (म्हणजे या भागातली, मुंबईची साष्टी नव्हे) देवळं पाडली त्या काळात भक्तांनी देव उचलून पलीकडे फोंड्याच्या बाजूला नेले. म्हणजे या जमिनीवरून आधी एकांचं देऊळ गेलं आणि मग दुसऱ्यांचं चर्च पण गेलं. या जागेवरून गोव्यात वाद पण चालतात, पेपरला येतं. मी त्यात पडत नाही, मी वसईहून येऊन काय बोलणार, पण कॅथलिक म्हणून तिथे बसताना हे मनात असावं असं मला वाटतं. सासूबाईंना सांगितलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "मग तिलाही सांगते गुडघ्यांचं, विजयादुर्गेला." आम्ही दुसऱ्या दिवशी केरीला खरंच जाऊन आलो. तो वेगळा रिव्ह्यू.

पहिल्या वेळी आम्ही तिथे सव्वा तास होतो. मी मागण्यांची लिस्ट घेऊन जाणारी बाई आहे, खरं सांगते, प्रत्येक तीर्थाला माझी पाच-सहा कलमी लिस्ट असते, तब्येत, ॲडमिशन, नणंदेचं लग्न, फ्लॅटचं पझेशन. त्या दिवशी सकाळीच ॲडमिशन झालेली, तर पहिलं कलम गेलेलं, आणि पुढचं काही आठवेना. बसून राहिले. भिंतीवर शेवाळ होतं ते बघत होते. मच्छर मात्र भयानक, सासूबाईंच्या पूर्ण रोझरीत मी त्यांच्या पायावर ओढणी हलवत होते. ओडोमॉस न्या, ऑगस्ट असो सप्टेंबर असो, विसरू नका.

आता दुसरी वेळ, जानेवारी २०२५. ही वेळ वेगळी सांगायला पाहिजे कारण जागा तीच पण सगळंच वेगळं. ओल्ड गोव्यात तेव्हा झेवियरांच्या शवप्रदर्शनाचा सोहळा चालू होता, दर दहा वर्षांनी असतो तो, २१ नोव्हेंबर ते ५ जानेवारी. आम्ही शेवटून दुसऱ्या दिवशी गेलो. से कॅथेड्रलची लाइन, तीन तास, ऊन, पोरं रडतायत, माणसं पुढे घुसतायत, आणि मग काचेच्या पेटीसमोर मोजून दोन सेकंद. मी नाही म्हणत की जाऊ नका, जायलाच पाहिजे, दहा वर्षांनी एकदा. सासूबाई म्हणाल्या पुढच्या वेळी मी नसणार, म्हणून तर गेलो. पण त्या दोन सेकंदात मी काय प्रार्थना केली ते मला आठवत नाही, मला माझ्या पुढच्या माणसाची पाठ आठवते, निळ्या चेक्सचा शर्ट.

दोन-तीन दिवस मडगावला नातेवाईकांकडे राहिलो कारण पोराचं सेमिस्टर सुरू होणार होतं. तेवढ्यात सांकवाळची नोव्हेना सुरू झाली. फेस्त (संताचा सण, गावची जत्राच) १६ जानेवारीला, वाझांच्या पुण्यतिथीला, आणि त्याआधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे रोजची प्रार्थना. आम्ही एका संध्याकाळी गेलो. मांडव, माईक, खुर्च्या, कोकणीत मिस्सा, गायन मंडळ एकदम तयारीचं. गर्दी होती पण गावाची गर्दी, म्हणजे एकमेकांना ओळखणारी. बाया फेस्ताच्या कपड्यात, म्हातारे खुर्चीसाठी दुसऱ्या म्हाताऱ्याला हात करतायत. काही लोक लांबून चालत येतात, त्यांच्या चपला धुळीनं लाल झालेल्या. आणि मागे ती भिंत, लायटिंगमध्ये. दिव्यांमुळे दरवाज्याच्या पलीकडे फक्त काळोख दिसत होता, आणि मिस्सा चालू असताना माझी नजर सारखी तिथेच.

कोकणी मराठीवाल्याला सत्तर टक्के समजते, घाबरू नका. सासूबाईंना तर माझ्यापेक्षा जास्त समजली, आमच्या बोलीतले काही शब्द त्यात सापडतात म्हणाल्या. शेजारच्या एका आजीशी त्यांची अशी गट्टी जमली की मिस्सा संपल्यावर दोघी अर्धा तास गुडघ्यांवर बोलत होत्या, एक कोकणीत, एक आमच्या बोलीत, आणि दोघींना सगळं समजत होतं. त्या आजींनी विचारलं तुमच्याकडचा संत कोण, तर सासूबाईंनी ताठ बसून सांगितलं, गोन्सालो गार्सिया, वसईचा, १५९७ ला नागासाकीला क्रूसावर मेला आणि १८६२ ला संत झाला, तुमच्या आधी दीडशे वर्षं. मला वाटलं आता भांडण. आजी हसल्या आणि म्हणाल्या, जपान? म्हणजे तुमचा पण लांब गेला.

मला कोणी विचारलं की दोनपैकी कधी जाऊ, तर मी म्हणेन शांतता पाहिजे तर फेस्ताचे दिवस सोडून कधी पण, आणि शक्यतो सकाळी किंवा चारनंतर, कारण दुपारी सावली कमी आणि एप्रिल-मे मध्ये तर विचारूच नका. आयुष्यात एकदा गावचं फेस्त बघायचं असेल तर जानेवारी. दोन्ही केलं तर उत्तम. फक्त बघायला जाऊ नका, पाच मिनिटांत बघून होतं, मग तुम्ही इथेच लिहाल की काय एवढं, एक भिंत. बसायला जा. पुस्तक घेऊन जा, जपमाळ घेऊन जा, काही नसेल तर नुसते जा. कोणत्याही धर्माचे असा, उघड्यावरची जागा आहे. ड्रोन नका उडवू. पहिल्या वेळी आम्ही निघताना एक ग्रुप ड्रोन घेऊन उतरला, त्या आवाजात वारा पण ऐकू येईना. त्या पोरांना माझ्या सासूबाईंनी जे सुनावलं ते मी इथे लिहू शकत नाही पण ड्रोन परत बॅगेत गेला.

जायचं कसं : दाबोळी विमानतळावर उतरत असाल तर हे ओल्ड गोव्यापेक्षा खूप जवळ पडतं, फ्लाइटच्या आधी दोन तास असतील तर मॉलमध्ये घालवू नका. बसनं पणजीहून वास्कोकडे जाणारी कदंबा धरून कुठ्ठाळीनंतर उतरा, पण बसस्टॉपपासून आत जायला लागतं, गुडघेवाल्यांनी रिक्षा किंवा पायलट करावा (पायलट म्हणजे मोटरसायकलवाला, विमानवाला नाही, सासूबाईंना हे समजवायला दहा मिनिटं गेली). वेळ असेल तर त्याच दिवशी बाणावलीचं टेकडीवरचं चर्च करा, बाप्तिस्म्याचं, म्हणजे सुरुवात पण बघून होते. खाण्यापिण्याचं गाडीत घेऊन जा, पाणी तर नक्की. आम्ही जाताना वाटेत सायकलवाल्या पोदेराकडून (पाववाल्याकडून) गरम पोई (गोव्याचे पाव) घेतल्या होत्या, आणि घरची सुकेळी. बसून खाल्लं, कागद परत पिशवीत. कपडे साधे ठेवा, बीचवरून थेट आलेला अवतार नको.

टॉयलेटबद्दल मला विचारू नका, आम्ही कॅम्पसमध्येच जाऊन आलो होतो.

पोराचं म्हणाल तर त्याला पहिल्या सेमिस्टरभर मी दर रविवारी फोनवर विचारलं, खाली वाझांकडे जाऊन आलास का. दर रविवारी उत्तर, मम्मी क्विझ आहे. कॅम्पसवरून खाली उतरायचं, बस. आता दुसरं वर्ष चालू आहे, अजून गेलेला नाही. मी विचारायचं सोडलंय. सासूबाई मात्र परत चला म्हणून मागे लागल्यात, त्या आजींनी फेस्ताला बोलावलंय, आणि गुडघा एका बाजूचा खरंच जरा बरा आहे, उजव्या. डाव्याचं बाकी आहे म्हणतात.